चार इंचांवरची निवड

पुण्याच्या शनिवार पेठेत ज्या घरात जिम्नॅस्टिक्स शिकणारी मुलगी आहे, त्या घरात स्पर्धा जवळ आल्या की एकच विषय असतो: यंदा बीमवर काय करायचं? आईने मागच्या स्पर्धेत दुसऱ्या क्लबच्या मुलीला हात न टेकता कार्टव्हील मारताना पाहिलेलं असतं. आपली मुलगी अजून कमान घेत हातांवरून उलटण्याचा वॉकओव्हरच करते, म्हणजे ती मागे पडली का, हा प्रश्न आईच्या डोक्यातून जात नाही. मुलीलाही मैत्रिणीसारखं काहीतरी उडतं, बघणाऱ्याचा श्वास रोखणारं करायचं असतं. आणि प्रशिक्षक ताई मात्र वहीत नवं काही लिहितात, खोडतात आणि पुन्हा जुनंच लिहितात. त्या खोडाखोडीमागचा विचार पालकांपर्यंत क्वचित पोचतो. त्यात मुलीच्या पाठीचा, मनगटाचा आणि हिमतीचा प्रश्न असतो, म्हणून तो घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आधी साधनाची ओळख करून घेऊ. बॅलन्सिंग बीम ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच असतो. रुंदी चार इंचांहूनही किंचित कमी. या पट्टीवर मुलीने जास्तीत जास्त ९० सेकंदांची रचना सादर करायची. शेवटचे दहा सेकंद उरले की इशारा होतो. पडलीच तर १० सेकंदांच्या आत पुन्हा वर चढून पुढे चालू करायचं. रचनेत उड्या, गिरक्या, नृत्याच्या हालचाली असतात आणि ज्यांच्याबद्दल घराघरांत चर्चा होते त्या ॲक्रोबॅटिक कसरती असतात: हातांवरून उलटणं, मागे झेपावणं, हवेत कोलांटी घेणं.

गुण दोन खात्यांतून येतात. ‘डी’ म्हणजे काठिण्य आणि ‘ई’ म्हणजे सफाई. प्रत्येक कसरतीला इंग्रजी अक्षरांनी दर्जा दिलेला आहे. ए दर्जाला ०.१, बीला ०.२, सीला ०.३, डीला ०.४ अशी ती चढण जाते. साधं कार्टव्हील आणि मागचा वॉकओव्हर ए दर्जाचे. मागे झेपावून हातांवरून पायांवर येणारं फ्लिक बी दर्जाचं. मागची गोळा कोलांटी, म्हणजे टक साल्टो, सी. हात न टेकता घेतलेलं कार्टव्हील, ज्याला मुली ‘एरियल’ म्हणतात, ते डी. याखेरीज रचनेच्या अटी पूर्ण केल्या की प्रत्येकी ०.५ मिळतात. मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत गेली काही वर्षं ॲक्रोबॅटिक बाजूच्या दोन अटी ठळक आहेत. एक, हवेत जाणाऱ्या किमान दोन कसरतींची सलग मालिका आणि त्यात एक साल्टो. दुसरी, कसरती पुढे किंवा बाजूला आणि मागे अशा वेगवेगळ्या दिशांना व्हायला हव्यात. लहान वयोगटांत स्पर्धेगणिक नियमपत्रक वेगळं असतं आणि तिथे बहुधा सवलत मिळते. म्हणून निवडीचं पहिलं काम म्हणजे ते पत्रक शांतपणे वाचणं. नको असलेल्या कसरतीसाठी महिनोन् महिने घाम गाळणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

सफाईचं खातं दहापासून सुरू होतं आणि कमी होत जातं. तोल थोडा गेला तर ०.१, जास्त गेला तर ०.३, बीमला धरावं लागलं तर ०.५ आणि पडली तर पूर्ण १.०. आईच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या आकड्यांत आहे. साधं कार्टव्हील काढून एरियल घातलं तर लाभ ०.३चा. पण एरियलवर पाय बीमवर न येता मुलगी थेट खाली गेली, तर पडण्याचा १.० जातो आणि ती कसरत धरलीच जात नाही, म्हणून तिचे ०.४ही जातात. दिशेची अट त्याच कसरतीवर अवलंबून असेल तर आणखी ०.५ बुडतात. सगळे मिळून १.९. ०.३च्या मोहापायी १.९ची जोखीम. हिशेब मांडला तर असं दिसतं की साधं कार्टव्हील जिला हमखास येतं, ती एरियलवर सहापैकी एकदाही पडत असेल तर ते घालण्यात तोटाच आहे. शिवाय जेव्हा पडत नाही तेव्हाही डगमगण्याचे ०.१ आणि ०.३ जातातच, ते यात धरलेलेच नाहीत.

दुसरा हिशेब मला याहून डोळे उघडणारा वाटतो. सरावात दहापैकी नऊ वेळा कसरत जमते म्हटलं की ती ‘आली’ असं घरात समजतात. रचनेत अशा पाच कसरती घेतल्या तर पाचही नीट होण्याची शक्यता किती? नऊ दशांशाचा पाच वेळा गुणाकार केला की ०.५९ येतात. म्हणजे शंभरातल्या एक्केचाळीस वेळा मुलगी कुठेतरी चुकणार. प्रत्येक कसरत शंभरातून अठ्ठ्याण्णव वेळा जमत असेल तर पाचही नीट होण्याची शक्यता नव्वदाच्या घरात जाते. वहीतल्या नोंदी तपासताना ताई ‘आली की नाही’ एवढ्यावर थांबत नाहीत. थकल्यावर येते का, हॉल अनोळखी असताना येते का, आधीच्या मुलीच्या टाळ्या चालू असताना येते का, हे त्या बघतात. म्हणूनच माझं ठाम मत आहे की स्पर्धेच्या रचनेत मागच्या वर्षी शिकलेल्या कसरती असाव्यात आणि पुढच्या वर्षीच्या कसरती सरावाच्या तासात असाव्यात. या दोन याद्या एकच समजल्या की लहान मुलीचं नुकसान होतं.

आता कसरतींकडे मुलीच्या डोळ्यांनी बघू. काठिण्याचा तक्ता एक गोष्ट सांगत नाही: कसरत करताना बीम किती वेळ दिसतो. मागच्या वॉकओव्हरमध्ये मुलगी कमान घेत मागे जाते, आणि हात टेकण्याआधी बीम तिच्या नजरेत येतो. शिवाय एक पाय अजून बीमवर असतानाच हात पोचलेले असतात, म्हणजे आधार एक क्षणही सुटत नाही. डगमगली तरी बोटांनी दाबून, खांद्याने सावरून तोल परत आणता येतो. फ्लिकमध्ये पाय सुटतात आणि हात पोचतात यांच्यामध्ये पोकळी आहे. बीम उशिरा दिसतो, हात आधी विश्वासावर जातात. बाजूच्या एरियलमध्ये नजर बरीचशी बीमवर राहते, म्हणून दर्जा वरचा असूनही काही मुलींना ते फ्लिकपेक्षा सोपं वाटतं. पुढच्या एरियलमध्ये, म्हणजे हात न टेकता घेतलेल्या पुढच्या वॉकओव्हरमध्ये, उतरणारा पाय कुठे पडतोय ते दिसतच नाही. दोन्ही एरियलना तक्त्यात एकच अक्षर आहे, पण भित्र्या मुलीसाठी त्या दोन वेगळ्या दुनिया आहेत.

पोकळी आली की भौतिकशास्त्र कठोर होतं. पाय सुटल्यावर शरीराचा गुरुत्वमध्य कोणत्या वाटेने जाणार हे ठरून गेलेलं असतं. हवेत हात हलवून, कंबर वळवून मुलगी आपलं अंग फिरवू शकते, ती वाट मात्र बदलू शकत नाही. समजा, उडी घेताना बाजूला सेकंदाला अवघे १० सेंटिमीटर इतका वेग राहून गेला. अर्ध्या सेकंदाच्या उड्डाणात ती ५ सेंटिमीटर सरकेल. बीमच्या मध्यरेषेपासून कडा तेवढीच दूर आहे. उडी घेण्याच्या क्षणी खांदे किंचित तिरपे असतील तर पुढची सगळी धडपड व्यर्थ. म्हणूनच हवेतल्या कसरती निवडताना अनुभवी प्रशिक्षक मुलगी उतरते कशी याआधी सुटते कशी हे बघतात. जमिनीवर आखलेल्या रेषेवर जिचे खांदे आणि कमरेची हाडं उडी घेताना सरळ राहतात, तिला हवेतली कसरत द्यावी. जिची एक बाजू नेहमी आधी उघडते, तिला त्या वर्षी हातांचा आधार असलेल्याच द्याव्यात आणि बाजूची खोड आधी काढावी.

निवड करताना मुलगी कुठल्या खेळातून आली हेही बघावं लागतं. पुण्याच्या या भागाला उलटं लटकण्याची, खांबावर चढून अंग वळवण्याची जुनी ओळख आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात अली आणि गुलाब हे निजामाच्या मुलखातले पैलवान आव्हान घेऊन आले, बाळंभटदादा देवधर या तरुणाने ते स्वीकारलं आणि वणीच्या सप्तशृंगीपाशी तयारी करून मल्लखांबाची विद्या आणली, असं मल्लखांबाची परंपरा सांगते. पेशव्यांचा शनिवारवाडा पेठेच्या नाकाशी उभा आहे, वीर मारुतीचं देऊळ पेठेतच आहे. पुढे १९२४मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केलं आणि व्यायामाचं शिस्तबद्ध शिक्षण पुण्यात रुजवलं. त्यामुळे पेठेतली एखादी मुलगी दोरीच्या मल्लखांबावरून जिम्नॅस्टिक्सकडे आली तर नवल नाही. तिच्याकडे काय असतं? खांद्यांत जोर, डोकं खाली असताना शांत राहणारं मन, आणि अंगाचा कुठला भाग कुठे आहे याची पक्की जाण. या तिन्ही गोष्टी बीमवर सोन्यासारख्या आहेत.

पण एक गोष्ट तिला उलटी शिकावी लागते. मल्लखांबावर अंग साधनाला धरतं. पायांची अढी घट्ट बसली की मुलगी निर्धास्त असते. बीमला धरायला काही नाही, आणि धरलं तर ०.५ कापले जातात. अशा मुलीचा पहिला ओढा हातांनी बीम आवळण्याकडे असतो. तिला सुरुवातीला हातांवर उभं राहणं, कार्टव्हील, पुढचा वॉकओव्हर अशा कसरती द्याव्यात, जिथे तळहात सपाट टेकून ढकलायचं असतं. पकडीची सवय मोडली की तिच्या खांद्यांतली ताकद एकदम दिसू लागते आणि ती फ्लिकला इतरांपेक्षा लवकर तयार होते. मल्लखांबाच्या जाणत्यांकडून मात्र एक शहाणपण तसंच्या तसं घ्यावं. तिथे दसरंग, बगली, तेढी, वेल, फिरकी अशी कुळं आहेत आणि मूल कुळातली पायरी चढत जातं. बीमवरच्या कसरतींचीही अशीच कुळं आहेत.

कार्टव्हीलच्या कुळात राउंडऑफ, म्हणजे दोन्ही पाय जुळवून उतरणारं कार्टव्हील येतं, बाजूचं एरियल येतं, आणि बीमच्या टोकावरून खाली उतरण्याच्या बऱ्याच पद्धती येतात. मागच्या वॉकओव्हरच्या कुळात फ्लिक, आणि त्यातून पुढे पाय फाकवून उतरणारा ताठ अंगाचा साल्टो. पुढच्या वॉकओव्हरच्या कुळात पुढचं एरियल. दहा वर्षांच्या मुलीसाठी कसरत निवडताना ‘ही कुणाची आई होणार आहे?’ हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आज ०.१ देणारं कार्टव्हील हात नीट एका रेषेत टेकून, पाय डोक्यावरून सरळ नेऊन केलं, तर त्यातून चार वर्षांनी ०.४ची कसरत निघेल. तेच कार्टव्हील पाय बाजूने वळवून उरकलं, तर त्याला पुढे लेकरू नाही. जी कसरत कुठेच जात नाही, ती मुलीला आज जमते म्हणून घालायची घाई करू नये. यातच आणखी एक बारकावा आहे: पुढे टाकायचा पाय. कार्टव्हील डाव्या पायाने, वॉकओव्हर उजव्या पायाने अशी खिचडी झाली की दोन कसरती जोडताना मध्ये एक जादा पाऊल येतं आणि मालिका तुटते. पहिल्या दोन वर्षांत पाय ठरवला तर हे टळतं.

अंगाची ठेवण या निवडीत इतकी मोठी आहे की तिच्यावर थोडं थांबायला हवं. मागचा वॉकओव्हर सोपा, म्हणून सगळ्या लहान मुलींना तोच आधी देतात. पण कमान नेमकी कुठून पडते ते बघितलं पाहिजे. खांदे मोकळे असलेली मुलगी खांद्यांतून, पाठीच्या वरच्या भागातून आणि मांडीच्या सांध्यातून वाकते, वाक सगळीकडे वाटला जातो. ताठ खांद्यांची मुलगी सगळा वाक कमरेच्या एकाच जागी घेते. रोज तीस-चाळीस वेळा तीच जागा मुडपली की कमरेच्या मणक्याच्या मागच्या बाजूच्या अरुंद हाडाला ताणाची भेग पडू शकते. वाढत्या वयाच्या खेळाडूंमध्ये ही दुखापत डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची आहे आणि ती बहुधा कमरेच्या शेवटच्या, पाचव्या मणक्यात आढळते. ओळखायची युक्ती साधी आहे. मुलीला पाय उंचावर ठेवून कमान करायला सांगायचं आणि बाजूने बघायचं. खांदे मनगटांच्या वर किंवा पलीकडे जातात का? जात नसतील तर तिच्या रचनेत वॉकओव्हरच्या माळा नकोत. कार्टव्हीलच्या कुळातून रचना बांधावी, मागच्या दिशेसाठी एकच कसरत ठेवावी आणि खांदे सैल करण्याचं काम वर्षभर चालू ठेवावं. पाठ वाकवल्यावर एका बाजूला दुखतंय असं मुलगी सांगत असेल, तर स्पर्धा कितीही जवळ असो, मागच्या कसरती त्या दिवसापासून बंद आणि डॉक्टरांची भेट.

मनगटाचंही असंच. फ्लिकमध्ये अंगाचा भार वेगाने हातांवर येतो. बीमवर हात खांद्याइतके दूर ठेवता येत नाहीत, ते जवळ, आत वळवून टेकावे लागतात. या वयात मनगटाजवळच्या हाडाचं वाढीचं टोक अजून कोवळं असतं आणि सततच्या दाबाने तिथे इजा होते. जमिनीवरच्या कसरतीत, व्हॉल्टवर आणि बीमवर तिन्हीकडे फ्लिक आणि राउंडऑफ भरून ठेवले तर त्या मनगटाला सुटीच मिळत नाही. म्हणून बीमची निवड एकट्या बीमची नसते. आठवड्यात हातांवर एकूण किती धक्के बसतात ते मोजून ती करावी लागते.

आणि भीती. मागे जाणाऱ्या कसरतींबद्दल एक अनुभव जवळजवळ प्रत्येक जिममध्ये येतो: काल चांगलं फ्लिक करणारी मुलगी आज बीमवर हात वर करून उभी राहते आणि सुटतच नाही. ती आळशी नसते, हट्टीही नसते. शरीराने आज्ञा ऐकायचं थांबवलेलं असतं. तिथे ओरडून, ‘अजून दहा वेळा केल्याशिवाय खाली यायचं नाही’ असं सांगून भीती घट्ट होते. ‘ताई, मला आज फ्लिक नको’ हे वाक्य मुलीला न घाबरता बोलता यायला हवं. ताईंनी तिला खालच्या बीमवर न्यावं, तिथेही नको असेल तर रेषेवर. रचना ठरवताना मागच्या दिशेची एक पर्यायी कसरत आधीच तयार ठेवावी. फ्लिक अडकलं तर त्या जागी वॉकओव्हर बसेल आणि आजूबाजूच्या हालचाली बदलाव्या लागणार नाहीत, अशी ती जागा आखावी. मुलीला हा पर्याय माहीत असला की बरेचदा फ्लिकच परत येतं, कारण दार बंद नाही हे तिला कळलेलं असतं.

जगातल्या मोठ्या खेळाडूंच्या निवडी बघितल्या की हेच वेगळ्या उंचीवर दिसतं. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ओल्गा कोर्बुटने बीमवर मागची कोलांटी घेतली आणि या साधनाचा चेहराच बदलला. तेव्हापासून बीम हा ॲक्रोबॅटिक्सचा आखाडा झाला. पण २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये नेदरलँड्सच्या सॅने वेव्हर्सने बीमचं सुवर्ण जिंकलं ते एका पायावरच्या अवघड गिरक्या एकमेकींना जोडून. तिने आपली ताकद ओळखून तिच्यावर रचना उभी केली. त्याच अंतिम फेरीत सिमोन बाइल्स पुढच्या साल्टोवर डगमगली, तिने हातांनी बीम धरला आणि तिला कांस्य मिळालं. २०२१मध्ये टोकियोत हवेत दिशेचं भान हरपू लागल्यावर बाइल्सने बहुतेक स्पर्धांतून माघार घेतली. बीमच्या अंतिम फेरीला ती आली, तेव्हा उतरण्याची कसरत तिने बदलली होती. पिळाची कोलांटी काढून बिनपिळाची दुहेरी कोलांटी ठेवली, आणि कांस्यपदक मिळवलं. २०२४च्या पॅरिसमध्ये बीमच्या अंतिम फेरीत बाइल्स आणि सुनिसा ली यांच्यासह एकीमागून एक नामांकित मुली पडल्या, आणि इटलीची ॲलिस दामातो बीमवर टिकून राहून सुवर्ण घेऊन गेली.

आपल्याकडे दीपा कर्माकरने २०१६मध्ये रिओत व्हॉल्टवर प्रोदुनोव्हा उडी घेतली आणि पदक अवघ्या ०.१५ने हुकलं. त्या धाडसाचा अभिमान प्रत्येक भारतीयाला आहे, मलाही आहे. पण तेव्हा दीपा २३ वर्षांची होती, पूर्ण वाढलेल्या हाडांची आणि हजारो उड्यांचा सराव असलेली. पाचवीतल्या मुलीला तिचं उदाहरण देताना तिने केलेल्या तयारीची वर्षंही सांगावीत.

पेठेतल्या मुलीसाठी आणखी एक व्यावहारिक बाब आहे: सरावाची जागा. म्हाळुंगे-बालेवाडीची शिवछत्रपती क्रीडानगरी १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभी राहिली आणि जानेवारी २०१९मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धाही तिथे झाल्या. पण शाळा, घर, गृहपाठ सांभाळून लक्ष्मी रस्ता आणि विद्यापीठ चौकाच्या गर्दीतून रोज बालेवाडी गाठणं सगळ्यांना शक्य नसतं. बऱ्याच मुली जवळच्या जिममध्ये शिकतात, तिथे पूर्ण उंचीचा बीम एखादाच असतो आणि रांगेत उभं राहून आठवड्यातून मोजक्याच फेऱ्या मिळतात. अशा मुलीने निवड करताना घरी काय करता येईल याचा विचार करावा. हातांवर सरळ उभं राहणं, कार्टव्हीलची सुरुवात आणि शेवट, एका पायावरचा तोल, हे सगळं वाड्याच्या शहाबादी फरशीवर १० सेंटिमीटर रुंदीची चिकटपट्टी लावून घटवता येतं. फ्लिक आणि साल्टो तसे घटवता येत नाहीत, आणि ते फरशीवर करूही नयेत. ज्या कसरतीचा निम्मा भाग घरी पक्का होतो, ती कमी फेऱ्यांतही टिकते. जी फक्त उंच बीमवर आणि गादीवरच सरावता येते, तिला तेवढ्या फेऱ्या मिळणार असतील तरच रचनेत जागा द्यावी. रेषेवरून जमिनीवरच्या बीमवर, तिथून कमी उंचीच्या, मग बाजूला गाद्या रचलेल्या उंच बीमवर आणि एकेक गादी काढत शेवटी उघड्या बीमवर, हा क्रम कुणासाठीही मोडू नये.

दहा ते तेरा या वयात आणखी एक पाहुणी येते: वाढ. समजा, मुलगी वर्षभरात १३५ सेंटिमीटरवरून १४३ सेंटिमीटर झाली. उंची सहा टक्क्यांनीच वाढली. पण सगळं अंग त्याच प्रमाणात वाढलं असं धरलं तर अंग फिरवायला होणारा विरोध जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो, कारण त्यात वस्तुमान आणि लांबीचा वर्ग दोन्ही येतात. स्नायूंचा जोर त्या वेगाने वाढत नाही. काल सहज होणारी कोलांटी आज अर्ध्यावर थांबते आणि मुलीला वाटतं, आपलं सगळं गेलं. या काळात हवेत फिरणाऱ्या कसरती रचनेतून काही महिने काढून हातांवरच्या कसरती ठेवाव्यात. गिरक्या आणि उड्यांचं काम वाढवावं, कारण लांब झालेले पाय तिथे शोभून दिसतात. घरातल्या दारावर दर महिन्याला पेन्सिलीने उंचीची खूण करायची सवय असेल तर ताईंना ती माहिती मिळावी. त्यांना ती हवी असते.

मग एखाद्या अशा मुलीची रचना कशी दिसेल? तिचे खांदे बऱ्यापैकी मोकळे आहेत, फ्लिक जमिनीवर पक्कं आणि बीमवर नवं आहे, आणि तिला मागे जायची थोडी धास्ती आहे असं धरू. चढताना साधी, सुबक पद्धत. पहिली ॲक्रोबॅटिक कसरत कार्टव्हील, कारण ते तिला झोपेतही येतं. अंग बीमशी ओळख करून घेतं आणि श्वास जागेवर येतो. काही प्रशिक्षक मालिका अगदी सुरुवातीला घ्यायला सांगतात, म्हणजे भीती लवकर संपते. मोठ्या मुलींसाठी ते मला पटतं, लहानांसाठी नाही. कार्टव्हीलनंतर उड्यांची जोड, आणि मग रचनेच्या तिसाव्या-चाळिसाव्या सेकंदाला मागचा वॉकओव्हर आणि त्याला लागून फ्लिक. वॉकओव्हर वाकडा पडला तर फ्लिक जोडायचं नाही, थांबून तोल सावरायचा, हे मुलीला आधीच सांगितलेलं असावं. जोड सुटण्याचं नुकसान पडण्यापेक्षा कितीतरी कमी असतं. मग गिरकी, आणि दम घ्यायला दोन संथ हालचाली.

शेवट उतरण्याचा. १२५ सेंटिमीटरवरून नुसतं खाली आलं तरी जमिनीला भिडताना वेग तासाला सुमारे १८ किलोमीटर असतो. उडीची उंची मिळवली की त्याहून जास्त. हे सगळं सत्तर-ऐंशी सेकंद मेहनत करून थकलेल्या पायांवर येतं. म्हणून उतरण्याची कसरत ताज्या पायांनी जमते की नाही ते बघू नये, पूर्ण रचनेच्या शेवटी जमते का ते बघावं. राउंडऑफ आणि मागची गोळा कोलांटी तिला लागोपाठच्या पूर्ण रचनांनंतर दोन पायांवर उतरवता येत असेल तर ती घ्यावी. नसेल तर बीमच्या टोकावरून सरळ उडी किंवा पुढची कोलांटी, गुडघे वाकवून आवाज न करता उतरलेली, बरी.

स्पर्धेच्या दिवशी बीमवर सरावाला मोजके सेकंद मिळतात आणि त्यात सगळं करण्याचा मोह होतो. या मुलीने एकदा कार्टव्हील करून लाकूड किती कडक, कव्हर किती गुळगुळीत ते बघावं, एकदा मालिका करावी, आणि उतरण्याआधी टोकाची जागा पायाने मापून ठेवावी. मालिका चुकली तर पर्यायाची खूण ताईंनी बोटानेच द्यावी, आणि मुलीने मान हलवून ती घ्यावी.